किळसेचा चेहरा

जर्नल जमा करायची शेवटची तारीख मी पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर टाकली आणि तिच्याखाली माझ्या मुलीचं तोंड आलं. डोळे घट्ट मिटलेले, नाक आखडलेलं, ओठ उलटे झालेले, जीभ जराशी बाहेर आणि हनुवटीवर पांढरा ओघळ. कडेकडेनं नीट कापून काढलेलं, मानेपासून तुटलेलं नुसतं तोंड, आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत 'याक्'. मी नीट बघेपर्यंत ते गेलंसुद्धा. मेसेज डिलीट केल्याची करड्या अक्षरांतली ओळ तेवढी मागं राहिली. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी डब्यातला शिळ्या मेथीचा वास भरला होता. बेसिनमध्ये चहाचे कप सकाळपासून तसेच भिजत पडले होते, त्यांच्या कडांना दुधाची साय चिकटलेली. मला राग आला नाही, लाज वाटली नाही. आधी पोटातून काहीतरी वर आलं. मी तोंडावर रुमाल धरून बसून राहिले. समोर नॅकच्या फायलींचा ढीग होता आणि त्या ढिगापलीकडं सुदर्शन सर, आमच्या विभागाचे प्रमुख, काडीनं दात कोरत होते.

ते तोंड कधीचं, कुठलं, हे मला विचार करून आठवावं लागलं नाही. मीच ते जगाला दाखवलं होतं. मागच्या येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, देवणीला माझ्या वडिलांच्या शेतात मी साक्षीचं रील केलं होतं. अंबील पिताना तिला ओकारी आली, तो तुकडा मी काढून टाकण्याऐवजी शेवटी जोडला. वर हसण्याचं संगीत. चार लाख लोकांनी ते बघितलं. माझ्या बाकी कुठल्याच रीलच्या नशिबी तो आकडा आला नाही. ना उपयोजित रसायनावर मी जीव तोडून केलेल्या, ना 'नोकरी करणाऱ्या आईची सकाळ' या मालिकेच्या. लोकांना माझ्या पोरीची ओकारी आवडली.

स्टिकर पाठवणारी उज्वला, वर्गाची प्रतिनिधी. गुणी पोरगी, वही कोरीव, पहिल्या बाकावर बसणारी. ती धावतच स्टाफरूमच्या दारात आली आणि ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

"सॉरी मॅडम. आमच्या पोरींच्या ग्रुपवर टाकून राहिले होते, चुकून तुमच्या ग्रुपवर पडलं."

"तुझ्याकडं कुठून आलं हे?"

"सगळ्यांकडंच हाय की मॅडम. सीनियरकडून आलं. मेसमधी वांग्याची भाजी आसली की टाकतेत. पेपरात बॅक लागला की टाकतेत. कायबी घाण दिसलं की टाकतेत."

"ही कोण आहे, माहितीये तुला?"

"हाव मॅडम. तुमची साक्षी." मग तिनं खरोखरच गोंधळून माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं तुम्हाला ठाव आसंल. तुम्हीच तर टाकलं होतं ना मॅडम."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी तिला झापलं असतं. तिला जा म्हटलं. ती गेल्यावर सुदर्शन सरांकडं गेले आणि त्यांना सांगितलं, विद्यार्थी माझ्या मुलीचा फोटो असा वापरतात, काहीतरी करायला हवं. त्यांनी दातातली काडी टोपलीत टाकली आणि हसले. "तक्रार कशाची करता मॅडम? पोरं प्रेमानं वापरून राहिलेत. तुम्ही आपल्या कॉलेजचं नाक हायेत. मॅनेजमेंट परवाच म्हनत होतं, दामिनी मॅडमचे व्हिडिओ बघून ॲडमिशन येतात. बरं झालं आठवलं, आपल्या नव्या लॅबचं एक बघा की. पोरगीला घेऊनच करा, तिला लोक ओळखतेत." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो सर, बघते." तोंडातून हे शब्द बाहेर पडताना त्यांची चव मला कळली, पण शब्द थांबले नाहीत. इतक्या वर्षांच्या कंत्राटी नोकरीनं हे 'हो सर' माझ्या जिभेवर असं बसवलंय की ते माझ्या आधी उठतं.

कॉलेजपासून, विष्णुपुरीहून, सिटी बस, मग नांदेडच्या स्टँडवरून लातूरची एसटी, माहेरी, साक्षीकडं. दुसऱ्या दिवशी येळवस होती म्हणून गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे शेतात चालले होते. शेत नसलेले शेत असलेल्यांकडं चालले होते. मला खिडकी मिळाली, पण खिडकीच्या गजावर आधीच्या कुणाच्या तरी तंबाखूचा वाळलेला ओघळ होता आणि लोह्यापर्यंत मी त्या ओघळाकडं न बघायचा प्रयत्न करत त्याच्याकडंच बघत राहिले. शेजारच्या बाईनं मांडीवर मेथीची जुडी आणि वर मोबाइल ठेवला होता. ती अंगठ्यानं रील वर सरकवत होती. दर दोन-चार रीलनंतर एक आई. लेकराला भरवणारी, लेकराची वेणी घालणारी, लेकराला मिठी मारून कॅमेऱ्याकडं डोळे मोठे करणारी. मला भीती वाटली की आता मी येईन. मी आले नाही आणि मला, खरं सांगते, जरा वाईट वाटलं. स्वतःची इतकी शिसारी मला याआधी कधी आली नव्हती.

मला हे आवडतं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कुणी मला बळजबरीनं या विहिरीत ढकललं नाही. मी वर्गात उभी राहायची, साठ पोरं, साठ मोबाइल, पाण्याच्या कठीणपणाबद्दल बोलताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. घरी मृत्युंजय, माझा नवरा, निजामाबादला बदली झाल्यापासून रविवारी येणार, जेवणार, झोपणार, जाणार. मी काही बोलले तर 'हं' म्हणणार, आणि त्या 'हं'ला पण रेंज नसणार. अशात एके दिवशी मी लिंबाचा रस आणि खायचा सोडा घेऊन किचनच्या ओट्यावर एक मिनिटभर बोलले, सहज, आणि संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसं लिहीत होती, मॅडम किती छान समजावता. मी ती ओळ बाथरूममध्ये जाऊन परत वाचली. कुणीतरी ऐकत होतं! तहानलेल्याला पाणी कुठल्या तांब्यातून येतंय याच्याशी काय करायचंय? मग रिंग लाइट आला, मोबाइलचा स्टँड आला, मग मथळे सुचायला लागले. चालताना, शिकवताना, आंघोळीत. कुठलीही गोष्ट घडली की तिची ओळ आधी तयार व्हायची आणि ती गोष्ट मला मागाहून जाणवायची.

आणि मग रसायन मागं पडलं आणि साक्षी पुढं आली. ती सातवीत गेली तेव्हा आम्ही तिला लातूरला माझ्या आईवडिलांकडं ठेवली. क्लाससाठी. नांदेडला क्लास नाहीत असं नाही, पण लातूर म्हणजे लातूर, असं सगळे म्हणतात, आणि मी कॉलेजातून अंधार पडल्यावर यायची, घरात पोर एकटी. तेव्हा निर्णय बरोबर होता. आजही त्याच्यात खोट काढता येत नाही. म्हणून तर तो इतका टोचतो. पंधरा दिवसांनी मी लातूरला जायची, शनिवारी दुपारी पोचायची, रविवारी दुपारी निघायची. आणि या एवढ्याशा आईपणाचं मी काय करायची? ते काढायची. तिच्या डोक्याला तेल लावताना स्टँड समोर. तिच्यासोबत धपाटं खाताना स्टँड समोर. 'लांब राहूनही आई जवळ असते' ही माझी ओळ. खाली लोक रडायचे. 'आई असावी तर अशी.' 'मॅडम तुम्हाला सलाम.' आणि मधूनच कुणीतरी, डीपीवर गुलाब लावलेला, 'पोरगी मोठी दिसायली आता.' ही कमेंट मी उडवली. उडवली आणि रील तसंच ठेवलं. आज बसमध्ये ती कमेंट आठवली आणि हात मांडीवर पुसावेसे वाटले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

अहमदपूरच्या पुढं गर्दी जरा कमी झाली. मला एकच गोष्ट खात होती. स्टिकर गावभर फिरू दे, कॉलेजात फिरू दे, चार दिवसांत लोकांना दुसरं तोंड सापडेल. पण साक्षीनं ते बघितलं असेल का? आणि बघितलं असेल तर ती मला काहीच का बोलली नाही? तेरा वर्षांची पोर. लहानपणी तिला मुंगी चावली तरी मला फोन करून मुंगीचा रंग सांगायची. ती आता मला काय काय सांगत नाही, हे मला कसं कळणार? जे सांगितलं जात नाही त्याचा पत्ताच नसतो. मी स्वतःला ठणकावून सांगितलं की उद्या तिला समोर बसवून विचारायचं आणि उद्या मोबाइल बाहेर काढायचा नाही. असा निश्चय केल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी पर्समधून मोबाइल काढून नोटिफिकेशन बघितल्या.

मागची येळवस मात्र पिच्छा सोडत नव्हती. शेतातल्या कडब्याच्या खोपटात, कोपीत, चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, त्यांच्यापुढं भाज्याशेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यात अंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकाची, आंबवलेली, लसूण ठेचून घातलेली. पूजा झाली, अप्पांनी, माझ्या वडिलांनी, 'वलगे वलगे सालम पलगे' म्हणत शेताच्या चारी कडांनी अंबील शिंपडली, आणि मग सगळे प्यायला बसले. साक्षीनं पहिला घोट घेतला तेव्हा मी मोबाइल उभा धरला होता की आडवा, यात चुकले. म्हटलं, परत घे. परत घेतला तर मागून म्हैस आली. परत. मग तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. परत. साक्षी मध्येच म्हणाली, "मम्मी, बास की." मी म्हटलं, "एकच, शेवटचा, हसून." तिनं हसून तोंडाला वाटी लावली आणि हसू तसंच असताना तिला ओकारी आली. अंबील नाकातून आली. अव्वा, माझी आई, ओरडली, "आगं पोर वकायली आन तू हसायलीस!" मी हसत होते. तो आवाज रीलमध्ये आहे, शेवटी, बारीक. मोबाइल मी खाली केला नव्हता. रात्री नाही, त्याच दुपारी, कोपीच्या सावलीत बसून मी ते कापलं, जोडलं, टाकलं. साक्षी माझ्या शेजारी पाय पसरून बसली होती. तिला दाखवलं तर म्हणाली, "टाक." मी ते 'टाक' वर्षभर जपून ठेवलं होतं, वेळेला दाखवायला. पोरीनं हो म्हटलं होतं. आईपुढं पोर दुसरं काय म्हणणार?

लातूरच्या घरी पोचले तेव्हा साक्षी क्लासमधून आलेली होती. उंची वाढली होती. सैल, मोठा शर्ट घातला होता, आणि मला बघितल्यावर तिनं आपोआप केस कानामागं केले. ही लकब माझ्यामुळं आलेली. कॅमेऱ्यात कान झाकलेले दिसू नयेत म्हणून मीच सारखं सांगायची. मी म्हटलं, "अगं, काही काढत नाहीये." ती म्हणाली, "बरं." मी पर्स कपाटावर ठेवली, तिला दिसेल अशी. जेवताना तिनं क्लासची परीक्षा, सरांचा दमा, मैत्रिणीची सायकल सगळं सांगितलं. नीटनेटकं, मुलाखत दिल्यासारखं. मला काही विचारायचं धाडस झालं नाही. मोठी प्राध्यापक. साठ पोरांपुढं उभी राहते आणि एका पोरीपुढं भाजी चिवडत बसते. अंथरुणावर ती माझ्याकडं पाठ करून झोपली, आणि तिच्या केसांना तेलाचा वास येत होता, अव्वानं लावलेल्या.

सकाळी जीपमधून देवणीकडं निघालो. अप्पा पुढं, मांडीवर अंबिलीचं मडकं धरून, खड्ड्याला खड्ड्याला "सावकाश रे" म्हणत. मागं अव्वा, मी, साक्षी. रस्त्यानं जिकडंतिकडं डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं. थंडी होती, ज्वारी पोटरीत आली होती, ऊन कोवळं होतं, आणि हे सगळं किती सुंदर दिसलं असतं याचा हिशोब माझ्या डोक्यात चालूच होता. मोबाइल पर्समध्ये थरथरत होता. मी पर्स पायाशी ठेवली, मग पायानं लांब सारली. साक्षीनं ते बघितलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

शेतात पूजा झाली. अप्पांनी अंबील शिंपडली. मी हात जोडून उभी राहिले, निव्वळ हात जोडून, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. जेवायला बसायच्या आधी साक्षीला बांधाकडं घेऊन गेले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. तिथं हरभरा पेरलेला होता. ती वाकून घाटे तोडायला लागली.

"साक्षी, तुझ्या चेहऱ्याचं एक स्टिकर फिरतंय. तुला माहितीये?"

"माहितीये."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. क्लासमधी पण हाय." तिनं घाटा फोडला, आतला दाणा तोंडात टाकला. "एकीनं मलाच पाठवलं होतं. मी पण वापरते."

"तू? तू वापरतेस?"

"दुसऱ्यानं वापरण्यापेक्षा आपण वापरलं की लोकं गप बसतेत." हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला तिच्या तोंडाकडं बघवेना. तेरा वर्षांच्या पोरीला ही अक्कल कुठून आली? कुणी शिकवली? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हटलं, "मी ते रील काढून टाकते. आत्ता. तुझ्यासमोर." ती म्हणाली, "काढ. पण स्टिकर थोडंच जातंय." मग ती हसली, मला धीर द्यायला हसावं तसं.

अव्वानं जेवायला हाक मारली. शेजारच्या रानातली सरजाबाई आमच्या कोपीशी आली होती. येळवशीला कुणी बांधावरून चाललेलं दिसलं तरी हाका मारून बसवायचं असतं, आणि सरजाबाईला तर हाक मारायचीही गरज नव्हती. ती आली की ताटाला बसणार, आमच्या भज्जीला नावं ठेवणार आणि दोनदा वाढून घेणार. मला तिचं ते मोठ्यानं बोलणं, तोंडात घास असताना बोलणं, पदरानं नाक पुसणं कधी सहन झालं नाही. तिनं साक्षीला जवळ ओढून तिच्या गालावरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"लेक शानी झाली की ओ तुमची," ती मला म्हणाली. "मामानं लुगडं आनलं का न्हाई? आमच्यात आसती तर आठ दिस बाजूला बसवून गाव जेवू घातलं आसतं. तुमचं आपलं काय न्हाई. तुमच्यात इटाळ न्हाई, बरं हाय बाबा, पोर मोकळी."

मी वाटी खाली ठेवली. अव्वा खिरीत पळी फिरवत राहिली. साक्षीच्या हातातला उंडा हातातच राहिला आणि तिनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले. सरजाबाईच्या लक्षात आलं नाही, ती आपली तुरीच्या शेंगांबद्दल बोलायला लागली. मी उठून कोपीच्या मागं गेले. अव्वा पाठोपाठ आली.

"कधी झालं?"

"दिवाळीच्या आदीच की गं."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी आई आहे तिची!"

"मी फोन लावायलेच होते. तर ही रडाया लागली. मम्मीला सांगू नको म्हनली, शपत घे म्हनली. मंग काय करू? घेतली शपत." अव्वाच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण आवाज करडा होता. "खोबरं, गूळ, तूप घातलं. कापड कसं घ्यावं, कुठं टाकावं, समदं दावलं. सरजाबाईला मीच बोलले. कुनाला तरी बोलावं वाटलं मला. चुकलं माझं."

दिवाळीच्या आधी. म्हणजे त्यानंतर मी कितीतरी वेळा आले होते. दिवाळीत तर आठवडाभर होते. आमच्या घरात बाई बाजूला बसत नाही, देवापासून कुणी लांब होत नाही. हे आम्ही लिंगायत लोक किती अभिमानानं सांगतो, मी स्वतः स्टाफरूममध्ये किती वेळा सांगितलंय. आज सकाळीसुद्धा साक्षी न्हाऊन, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन खिडकीपाशी बसली होती. दुसऱ्या कुठल्या घरात पोर चार दिवस कोपऱ्यात दिसली असती आणि आईला कळलं असतं. आमच्यात कळायला आईनं पोरीकडं बघावं लागतं, किंवा पोरीनं आईला सांगावं लागतं. मी तिच्याकडं बघतच होते की. सतत. इतकी कुणी आपल्या पोरीकडं बघत नसेल.

साक्षी परत हरभऱ्यात गेली होती. मी तिच्याकडं गेले. पाय ढेकळात वेडेवाकडे पडत होते. तिनं मला येताना बघितलं आणि ती पळाली नाही, याचंच मला बरं वाटलं.

"मला का नाही सांगितलंस, साक्षी?"

तिनं आणखी एक घाटा तोडला. मग म्हणाली, "तू टाकलं असतंस."

"काहीतरीच काय! असलं कुणी टाकतं का?"

"तू टाकतीस." आवाजात राग नव्हता. "लई छान टाकलं असतंस मम्मी. यात लाज कसली, म्हनून लिहिलं असतंस. समद्या बायांनी तुला चांगलं म्हटलं असतं. मला पण वाचून पटलं असतं. पन मंग क्लासमधी मी कसं बसले असते?" तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. "अज्जीला सांगितलं तर अज्जीपाशीच ऱ्हायलं. मला तेवढंच पाहिजे होतं."

मी तिचा हात धरला. हाताला हरभऱ्याची आंब लागली होती, चिकट. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण दिलाही नाही. मला रडू आलं, खरं रडू, नाक वाहायला लागणारं, कुठल्याही कोनातून वाईट दिसणारं. "नसतं टाकलं," मी म्हटलं. "तुझी शपथ, साक्षी. हे मी कधीच टाकलं नसतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला विश्वास ठेवायचा होता, हे मला दिसत होतं. कपाळावरचं भस्म घामानं अर्धं पुसलं होतं, डोळे मोठे झाले होते, आणि ती माझ्याच तोंडातून काहीतरी निघायची वाट बघत होती. मी परत शपथ घेतली. आणि सरजाबाईनं 'शानी' हा शब्द उच्चारला त्याच क्षणी, वाटी खाली ठेवायच्याही आधी, अव्वाचा राग यायच्या आधी, पोरीची माया दाटायच्या आधी, माझ्या डोक्यात ओळ तयार झाली होती. आमच्या घरात विटाळ नसतो. माझी लेक शहाणी झाली आणि तिनं रोजच्यासारखी पूजा केली. ओळ चांगली होती. खोटी नव्हती. साक्षीच्या डोक्यावर हात ठेवून मी तिची शपथ घेत होते आणि 'शहाणी' हा शब्द जुना वाटतो म्हणून त्याच्या जागी दुसरा शोधत होते.